रिअ‍ॅक्टरच्या तळाशी दगड कुठून आला? लीचेट, कॅल्शियम आणि विनॉक्सी प्रक्रिया



मागच्या लेखात विनॉक्सी प्रक्रियेची तोंडओळख करून घेतली होती. आज त्यातल्याच एका घटकाबद्दल लिहितो. या घटकाने माझ्या पीएचडीचं जवळजवळ एक वर्ष खाल्लं. ‘पेट’ किंवा ‘नेट’ देऊन पर्यावरण अभियांत्रिकी, सूक्ष्मजीवशास्त्र किंवा रसायनशास्त्रात संशोधनाकडे वळायचं तुमच्या मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठीच आहे. विषय आहे कॅल्शियम. होय, दुधातला आणि पानाच्या चुन्यातला तोच.

झालं असं. आमच्या प्रयोगशाळेत अ‍ॅक्रिलिकचा एक छोटा उभा रिअ‍ॅक्टर लीचेटवर चालवत होतो. पहिले काही महिने सगळं छान चाललं. सीओडी चांगला कमी होत होता, गॅस येत होता आणि आलेख बघून मॅडम खूश होत्या. मग फीडची नळी वरचेवर चोंदायला लागली. नळी बदलली की आठवडाभर बरं चालायचं, पुन्हा तेच. शेवटी रिअ‍ॅक्टर उघडला, तर तळाशी गाळाऐवजी करड्या रंगाचा घट्ट थर. चमचा आत शिरेना. त्यातला एक खडा काचेवर ठेवून सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला, तसा तो फसफसला. कॅल्शियम कार्बोनेट! आम्ही जिवाणू वाढवायला बसलो होतो आणि सोबत चुनखडी पिकवून बसलो.

हा दगड आला कुठून, तो बनवला कुणी, त्याचा फायदा काही आहे का, आणि तुम्ही असा प्रयोग करणार असाल तर काय सांभाळायचं, हे आता क्रमाने बघू.

लीचेटमध्ये कॅल्शियम येतो कुठून?

देवनारच्या किंवा उरुळी देवाचीच्या कचरा डेपोजवळून पावसाळ्यात गेला असाल, तर ढिगाऱ्याच्या पायथ्याशी झिरपणारं काळपट-तपकिरी पाणी पाहिलं असेल. तेच लीचेट. पावसाचं पाणी आणि ओल्या कचऱ्याचा स्वतःचा ओलावा थरांतून खाली उतरताना वाटेत जे विरघळेल ते सोबत घेऊन येतो.

आपल्या कचऱ्यात कॅल्शियमची कमतरता नाही. राडारोडा, प्लास्टर, सिमेंटचे तुकडे, चुना, राख, हाडं, अंड्याची टरफलं आणि रोज वरून टाकली जाणारी माती, सगळ्यांत तो आहे. पण नुसता असून भागत नाही, तो विरघळला पाहिजे. ते काम करतं आम्ल.

ताज्या कचऱ्यात आंबण्याची क्रिया जोरात असते. अ‍ॅसिटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी बाष्पनशील मेदाम्लं तयार होतात आणि पीएच खाली येतो. या आम्लात कॅल्शियम सहज विरघळतो. काही वर्षांनी ढिगाऱ्यातच मिथेन करणारे सूक्ष्मजीव स्थिरावतात, आम्लं खाऊन टाकतात, पीएच वर जातो आणि कॅल्शियम पुन्हा घन रूपात आतच बसतो. म्हणून लीचेटचं ‘वय’ फार महत्त्वाचं.

जर्मनीतल्या भरावभूमींवरून काढलेले आणि पुढे अनेक आढावा लेखांत आलेले सरासरी आकडे हा फरक स्पष्ट दाखवतात. आम्ल टप्प्यात पीएच सुमारे ६.१, सीओडी सुमारे २२,००० मिग्रॅ प्रतिलिटर आणि कॅल्शियम सुमारे १,२०० मिग्रॅ प्रतिलिटर. मिथेन टप्प्यात पीएच ८ च्या आसपास, सीओडी सुमारे ३,००० आणि कॅल्शियम फक्त ६० च्या आसपास. म्हणजे वीसपट फरक!

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. विनॉक्सी प्रक्रियेसाठी उत्तम लीचेट कुठलं? तरुण, कारण त्यातली आम्लं सूक्ष्मजीवांना सहज पचतात. आणि कॅल्शियम सर्वात जास्त कशात? त्याच तरुण लीचेटमध्ये. म्हणजे जिथे ही प्रक्रिया सगळ्यात उपयोगी, तिथेच हा त्रासही सगळ्यात मोठा.

दगड कोण बनवतं?

चार पायऱ्या थोडक्यात आठवा. मोठे रेणू फुटतात, त्यांची आम्लं होतात, बहुतेक आम्लं अ‍ॅसिटेट आणि हायड्रोजनवर येऊन थांबतात आणि शेवटी मिथेन करणारे सूक्ष्मजीव त्यातून मिथेन काढतात. (हे शेवटचे सूक्ष्मजीव खरं तर जिवाणू नव्हेत, आर्किया आहेत. व्हायवाला हा प्रश्न हमखास येतो.)

आता शेवटच्या पायरीकडे नीट बघा. अ‍ॅसिटेटचा एक आयन वापरला गेला की मिथेनचा एक रेणू आणि बायकार्बोनेटचा एक आयन तयार होतो. तरुण लीचेटमधल्या कॅल्शियमच्या जोडीला बराचसा अ‍ॅसिटेट असतो. सोयीसाठी आपण त्याला कॅल्शियम अ‍ॅसिटेटच समजू. एका कॅल्शियममागे दोन अ‍ॅसिटेट. सूक्ष्मजीवांनी दोन्ही खाल्ले तर दोन मिथेन आणि दोन बायकार्बोनेट. हे दोन बायकार्बोनेट कॅल्शियमला भेटले की एक कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतो आणि एक कार्बन डायऑक्साइड गॅसमध्ये निघून जातो.

थोडक्यात, दगड सूक्ष्मजीवांच्या कामातूनच तयार होतो. रिअ‍ॅक्टर जितका उत्तम चालेल तितका दगड जास्त. माझा रिअ‍ॅक्टर बिघडल्यामुळे दगड झाला, असं मला आधी वाटत होतं. प्रत्यक्षात तो नीट चालत होता म्हणूनच झाला होता.

घरातलं उदाहरण हवं असेल तर बोअरचं पाणी गरम करणारा गीझर बघा. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॉइलवर पांढरा थर बसतो. रसायन तेच आहे, फक्त तिथे उष्णता जे करते ते इथे सूक्ष्मजीव करतात.

आता जरा वही-पेन घ्या. आपल्याकडे पुष्कळ विद्यार्थी आकडेमोड सॉफ्टवेअरवर सोडतात आणि आकड्याचा अंदाजच येत नाही.

कॅल्शियमचं अणुवस्तुमान ४०, कॅल्शियम कार्बोनेटचं रेणुवस्तुमान १००. म्हणजे १ ग्रॅम कॅल्शियम बसला की २.५ ग्रॅम कार्बोनेट. आत येताना १,२०० आणि बाहेर जाताना ६० मिग्रॅ प्रतिलिटर धरा. फरक १,१४०. गुणिले २.५ म्हणजे २,८५० मिग्रॅ प्रतिलिटर, म्हणजेच एका घनमीटरमागे २.८५ किलो. दिवसाला १०० घनमीटर लीचेट येणारा प्रकल्प असेल तर रोज २८५ किलो आणि वर्षाला साधारण १०४ टन!

याला किती जागा लागेल? कॅल्साइटची घनता सुमारे २.७. म्हणजे पोकळ्या न धरता ३८ घनमीटरच्या वर. आणि रिअ‍ॅक्टर केवढा? सीओडी २२,००० असेल तर रोजचा भार २,२०० किलो. घनमीटरमागे रोज १० किलो सीओडी या भारावर आराखडा केला तर रिअ‍ॅक्टर २२० घनमीटरचा. सगळा कार्बोनेट आतच राहिला तर एका वर्षात रिअ‍ॅक्टरचा सहावा हिस्सा दगडाने भरेल. प्रत्यक्षात थोडा बाहेर वाहून जातो, थोडा नळ्यांत बसतो, पण अंदाज यायला एवढं पुरे.

हेच रसायन रिअ‍ॅक्टरच्या बाहेरही चालतं. कॅनडात टोरांटोजवळच्या कील व्हॅली भरावभूमीत लीचेट गोळा करणारा खडीचा थर आणि नळ्या चोंदल्या होत्या. संशोधकांनी त्या खोदून पाहिल्या, तर चोंदलेल्या पदार्थाचा मुख्य घटक कॅल्शियम कार्बोनेटच निघाला. खडीवर वाढलेल्या जैविक थराने आम्लं खाल्ली आणि तिथल्या तिथे दगड बसला.

पण कॅल्शियम हवाही असतो

एवढं वाचून कॅल्शियमला खलनायक ठरवू नका. कमी प्रमाणात तो मोठा आधार आहे, तीन कारणांनी.

पहिलं कारण, दाणे. १९७० च्या दशकात नेदरलँड्समधल्या वाखेनिंगन विद्यापीठात खात्झे लेटिंगा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यूएएसबी रिअ‍ॅक्टर विकसित केला. सांडपाणी खालून वर चढतं, गाळ दाण्यांच्या रूपात तळाशी टिकतो. आपल्याकडे गंगा कृती योजनेत कानपूरच्या जाजमऊला १९८० च्या दशकाच्या अखेरीस डच सहकार्याने जो ५ एमएलडीचा प्रकल्प उभा राहिला, तो याच तंत्राचा. या तंत्राचा सगळा जीव त्या मिलिमीटरभर दाण्यात आहे. दाणे झाले नाहीत तर गाळ पाण्याबरोबर वाहून जातो.

सूक्ष्मजीवांच्या पृष्ठभागावर आणि त्यांनी स्रवलेल्या चिकट बहुलकांवर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात. कॅल्शियमवर दोन धन भार असल्यामुळे तो मधे पूल बांधतो. शिवाय कार्बोनेटचे सूक्ष्म कण सूक्ष्मजीवांना चिकटायला गाभा देतात. हे उलट्या बाजूनेही तपासलं गेलं आहे. ईजीटीएसारख्या रसायनाने दाण्यातला कॅल्शियम ओढून काढला की दाणे कमकुवत होऊन विस्कटतात.

किती कॅल्शियम चांगला? यू, टे आणि फँग यांनी २००१ मध्ये ‘वॉटर रिसर्च’मध्ये यूएएसबी सुरू करण्याच्या टप्प्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात १५० ते ३०० मिग्रॅ प्रतिलिटर कॅल्शियमने दाणे होण्याला मदत झाली. पण त्याच अभ्यासात दुसरंही दिसलं: येणाऱ्या पाण्यातला कॅल्शियम वाढत गेला तशी दाण्यांची विशिष्ट क्रियाशीलता घटत गेली. म्हणजे दाणा मजबूत झाला तरी त्याचं काम वाढेलच असं नाही.

दुसरं कारण, चरबी. दुग्धप्रक्रिया किंवा कत्तलखान्याच्या सांडपाण्यात लांब साखळीची मेदाम्लं असतात, ती मिथेन करणाऱ्यांना घातक ठरतात. कॅल्शियम त्यांच्याशी अविद्राव्य साबण बनवतो आणि विषारीपणा कमी करतो. अट एवढीच की तो वेळेवर हवा. पेशींवर मेदाम्लांचा थर बसून गेल्यावर टाकला तर फारसा उपयोग होत नाही.

तिसरं कारण, सोडियम. जास्त सोडियममुळे होणारा त्रास थोड्या कॅल्शियमने कमी होऊ शकतो. एका धन आयनाने दुसऱ्याचा परिणाम बोथट करण्याच्या या गुणावर कुगलमन आणि मॅकार्टी यांनी १९६० च्या दशकातच काम केलं आहे.

जास्त झाला तर विषारी ठरतो का?

इथे वाचनात गोंधळ होतो, म्हणून सावकाश वाचा.

मॅकार्टी यांच्या १९६४ च्या प्रसिद्ध लेखमालेत कॅल्शियमचे तीन टप्पे दिले आहेत: १०० ते २०० मिग्रॅ प्रतिलिटर उत्तेजक, २,५०० ते ४,५०० मध्यम घातक आणि ८,००० तीव्र घातक. हा तक्ता आजही प्रबंधांत सर्रास छापला जातो. आता दुसरीकडे बघा. जॅक्सन-मॉस आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये ७,००० मिग्रॅ प्रतिलिटरपर्यंत कॅल्शियमचा प्रतिकूल परिणाम आढळला नाही असं नोंदवलं.

मग खरं कोण? माझ्या मते प्रश्नच थोडा चुकीचा आहे. विचारायला हवं ते हे: ते आकडे टाकलेल्या कॅल्शियमचे की विरघळलेल्या? सोबत कुठला ऋण आयन होता? पीएच आणि अल्कलिनिटी किती होती? प्रयोग वीस दिवसांच्या बाटलीत झाला की महिनोन्‌महिने चाललेल्या रिअ‍ॅक्टरमध्ये?

गणिताने बघू. रिअ‍ॅक्टरमधल्या गॅसमध्ये ३० टक्के कार्बन डायऑक्साइड आणि द्रवात कार्बोनेटच्या मापात २,५०० मिग्रॅ प्रतिलिटर अल्कलिनिटी धरा. २५ अंश सेल्सिअसला कॅल्साइटच्या समतोलाचं गणित मांडलं तर विरघळून राहू शकणारा कॅल्शियम येतो जेमतेम ५ मिग्रॅ प्रतिलिटर. क्षारांमुळे होणारी आयनिक दुरुस्ती केली तर साधारण २०. प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त सापडतो, कारण लीचेटमधली सेंद्रिय द्रव्यं कॅल्शियमला धरून ठेवतात, फॉस्फेट स्फटिकांची वाढ अडवतं आणि अवक्षेप बसायला वेळ लागतो. तरीही चांगल्या बायकार्बोनेट असलेल्या, उदासीन पीएचच्या रिअ‍ॅक्टरमध्ये हजारो मिग्रॅ विरघळलेला कॅल्शियम दीर्घकाळ टिकणं कठीण आहे. सूक्ष्मजीवांना बहुतेक वेळा विरघळलेल्या कॅल्शियमचा नव्हे, तर बसलेल्या कॅल्शियमचा त्रास होतो.

हा त्रास कसा होतो?

दाण्यावर आणि दाण्याच्या आत कार्बोनेट साचतो. अन्न आत पोचायला आणि गॅस बाहेर यायला अडथळा होतो. बाहेरून दाणा टणक आणि सुबक दिसतो, आत मात्र उपाशी पेशी असतात.

गाळ जड होतो. निरोगी दाणेदार गाळात व्हीएसएस आणि टीएसएस यांचं गुणोत्तर साधारण ०.७ च्या पुढे असतं. कॅल्शियम साचला की ते ०.३ किंवा त्याखालीही जाऊ शकतं. जड गाळ वर उचलला जात नाही, थर सिमेंटसारखा जमतो, पाणी एखादी वाट काढून सरळ वर निघून जातं. रिअ‍ॅक्टर कागदावर २२० घनमीटरचा, कामाचा त्याच्या निम्माही नाही, अशी गत होते.

फॉस्फरस हातचा जातो. लीचेटमध्ये तो मुळातच तुटपुंजा असतो, त्यात कॅल्शियम त्याला फॉस्फेटच्या रूपात खाली बसवतो. मग सूक्ष्मजीवांची वाढ खुंटते आणि आपण त्याला ‘विषबाधा’ म्हणतो.

अल्कलिनिटीही खर्च होते. १ ग्रॅम कॅल्शियम बसताना कार्बोनेटच्या मापात २.५ ग्रॅम अल्कलिनिटी जाते. भार अचानक वाढला तर पीएच सावरायला आधार उरत नाही.

नव्वदच्या दशकात नेदरलँड्समध्ये व्हॅन लँगेराक आणि सहकाऱ्यांनी यावर काम करताना एक महत्त्वाचा मुद्दा पुढे आणला: अवक्षेप कुठे होतो, दाण्यात की बाहेरच्या द्रवात, यावर गाळाचं भवितव्य ठरतं. ‘किती’ इतकंच ‘कुठे’ हेही महत्त्वाचं, हे मनात पक्कं करा.

माझी चूक, जी तुम्ही करू नका

रिअ‍ॅक्टर उघडल्यानंतर मी ठरवलं की कॅल्शियमचा घातक परिणाम बाटल्यांत मोजायचा. सीरम बाटल्या घेतल्या, गाळ, अ‍ॅसिटेट, सोडियम बायकार्बोनेट ४ ग्रॅम प्रतिलिटर आणि कॅल्शियम क्लोराइड वेगवेगळ्या प्रमाणात. कॅल्शियम वाढला तसा मिथेन कमी. सुंदर उतरता आलेख! परिषदेसाठी सारांश लिहून तयार, दुसऱ्या दिवशी पाठवायचा होता.

मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “शेवटी पीएच किती होता?” मी मोजलाच नव्हता.

बाटल्या शीतकपाटात होत्या. मोजला तर जास्त कॅल्शियमच्या बाटल्यांत पीएच चांगलाच घसरलेला. कारण? पुन्हा वही-पेन. ४ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट म्हणजे सुमारे ४८ मिलिमोल. २,००० मिग्रॅ कॅल्शियम म्हणजे ५० मिलिमोल. एक कॅल्शियम दोन बायकार्बोनेट खातो. म्हणजे निम्म्याहून कमी कॅल्शियम बसेपर्यंतच जवळजवळ सगळा बफर संपतो आणि वर कार्बन डायऑक्साइड सुटतो. मी मोजत होतो आम्लतेचा परिणाम आणि शीर्षक दिलं होतं ‘कॅल्शियमची विषाक्तता’.

सारांश पाठवला नाही. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण तो छापून आला असता तर पुढच्या कुणीतरी माझा आकडा आपल्या तक्त्यात घातला असता. अशा तक्त्यांवर प्रकल्पांचे आराखडे होतात.

मग प्रयोग पुन्हा मांडला, या वेळी तीन जादा नियंत्रण बाटल्यांसह. पहिलीत तेवढाच क्लोराइड, पण सोडियम क्लोराइडच्या रूपात. दुसरीत कॅल्शियम नाही, पण बसलेल्या कॅल्शियमच्या दुप्पट मोल हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे बफर तेवढाच कमी होतो. तिसरीत कॅल्शियम कार्बोनेटची पूड, म्हणजे नुसत्या घन कणांचा परिणाम कळतो. या तिघींशी तुलना केल्याशिवाय ‘कॅल्शियममुळे’ हा शब्द वापरायचा नाही, असा आता माझा नियम आहे.

मोजताना एवढं सांभाळा

१. एकूण आणि विरघळलेला कॅल्शियम वेगवेगळा मोजा. विरघळलेल्यासाठी नमुना ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून लगेच गाळा आणि गाळल्यानंतरच आम्ल टाका. आधी आम्ल टाकलं तर घन कार्बोनेटही विरघळेल आणि सगळाच आकडा ‘विरघळलेला’ म्हणून येईल.

२. नमुना उघडा ठेवू नका. रिअ‍ॅक्टरमधून बाहेर आलेल्या द्रवातून कार्बन डायऑक्साइड निसटतो, पीएच चढतो आणि बाटलीतच अवक्षेप होतो. दुपारी गाळलेल्या नमुन्याचं उत्तर सकाळच्यापेक्षा वेगळं येतं.

३. लीचेटवर ईडीटीए अनुमापन करताना जपून. तपकिरी रंगात म्युरेक्साइडचा रंगबदल दिसत नाही आणि लोहासारखे धातू लुडबुड करतात. शक्य असेल तर अणुशोषण किंवा आयसीपी वापरा. ज्योत अणुशोषणात फॉस्फेटचा अडथळा टाळायला लँथेनम घालायला विसरू नका.

४. व्हीएसएससाठी भट्टी ५५० अंशांवरच ठेवा आणि तापमान खरंच तेवढं आहे का ते तपासा. तापमान फार वर गेलं तर कार्बोनेटमधला कार्बन डायऑक्साइडही उडतो आणि दगडाचं वजन तुमच्या सूक्ष्मजीवांच्या खात्यात जमा होतं.

५. क्रियाशीलता प्रति ग्रॅम व्हीएसएस आणि प्रति लिटर गाळ, दोन्ही प्रकारे द्या. पहिला आकडा बरा दिसत असतानाच दुसरा कोसळलेला असू शकतो.

६. कॅल्शियमचा हिशोब मांडा. आत किती आला, बाहेर किती गेला, गाळात किती सापडला. हा ताळेबंद दर आठवड्याला ठेवला असता, तर दगड मला रिअ‍ॅक्टर उघडण्याच्या कितीतरी आधी वहीत दिसला असता.

मग करायचं काय?

तत्त्व सोपं आहे: दगड होणारच असेल तर तो आपल्याला हवा तिथे होऊ द्या. मुख्य रिअ‍ॅक्टरच्या आधी एक छोटी टाकी ठेवून त्यात बाहेर पडणारं अल्कलिनिटीयुक्त पाणी थोडं परत फिरवलं, तर बराच कॅल्शियम तिथेच बसवता येतो. हवा मारून कार्बन डायऑक्साइड घालवला की काम आणखी लवकर होतं, पण मग मुख्य रिअ‍ॅक्टरमध्ये ऑक्सिजन जाणार नाही हे बघावं लागतं. सोडा टाकूनही कॅल्शियम बसतो, मात्र रोजचा खर्च आणि वाढणारा सोडियम दोन्ही सोसावे लागतात.

रिअ‍ॅक्टरमध्येच ठेवायचा असेल तर तळाचा जड गाळ ठरावीक काळाने काढा आणि वरचा हलका, जिवंत गाळ राखा. वर चढणाऱ्या प्रवाहाचा वेगही महत्त्वाचा. यूएएसबीत तो साधारण ताशी ०.५ ते १ मीटर असतो, ईजीएसबी प्रकारात ४ ते १०. वेग जास्त असला की थर घट्ट जमायला वेळ मिळत नाही. पूर्ण ढवळलेल्या टाकीत दाण्यांचा प्रश्नच नाही, पण टाकी मोठी लागते. तरुण लीचेटमध्ये जुनं लीचेट मिसळणं हाही एक मार्ग. कॅल्शियम विरळ होतो, जुन्यातली अल्कलिनिटी मिसळतानाच थोडा कार्बोनेट खाली बसवते. पण सोबत अमोनियाही येतो, तो वेगळा मोजा.

हा प्रश्न फक्त कचरा डेपोचा नाही. आपल्या साखर कारखान्यांत उसाचा रस निवळायला चुना वापरतात. त्यातला काही कॅल्शियम मळीत उतरतो आणि मळीवर चालणाऱ्या डिस्टिलरीच्या स्पेंटवॉशमध्ये येतो. त्या स्पेंटवॉशवर बायोगॅस प्रकल्प चालतात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या प्रकल्पावर जाऊन ऑपरेटर काकांना विचारा, “नळ्या किती दिवसांनी साफ करता?” संशोधनाचा प्रश्न तिथेच सापडेल. कागदाच्या पुनर्वापराच्या गिरण्यांतही हीच कथा आहे, तिथे कॅल्शियम भरण म्हणून वापरलेल्या कार्बोनेटमधून येतो.

विषय शोधत असाल तर

शेवटी काही मोकळे धागे, जे मला अजून खुणावतात. विरघळलेला कॅल्शियम आणि बसलेला कॅल्शियम यांचे परिणाम एकाच प्रयोगात स्वच्छ वेगळे कसे करायचे? दाण्यात कार्बोनेट नेमका कुठल्या थरात आधी बसतो? टणक झालेला दाणा सौम्यपणे ‘सोलून’ पुन्हा कामाला लावता येईल का? आणि पावसाळ्यात पातळ, उन्हाळ्यात दाट होणाऱ्या आपल्याकडच्या लीचेटमध्ये कॅल्शियमचा वर्षभराचा आलेख कसा असतो? या शेवटच्या प्रश्नाला महागडं उपकरण लागत नाही. चांगला फिल्टर, शिस्त आणि वर्षभर नियमित नमुना आणायची तयारी लागते.

तो फसफसलेला खडा आजही माझ्या टेबलावर एका छोट्या बाटलीत आहे. नवीन कुणी विद्यार्थी आला आणि “दादा, माझा रिअ‍ॅक्टर मस्त चाललाय” म्हणाला, की मी ती बाटली त्याच्या हातात देतो आणि विचारतो, “कॅल्शियम आत किती गेला, बाहेर किती आला?”

तुमच्याही वहीत हा रकाना पहिल्या दिवसापासून असू द्या.